धौंरीची तपासणी

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी सरकारी पशुचिकित्सालयाचे दोघे गल्लीत घरोघर सांगून गेले. पुढच्या सोमवारी डॉक्टर येणार, सगळ्या गाई-म्हशींची टीबीची तपासणी. नेमाची आहे, कुरुदच्या सगळ्याच कोठ्यांत होणार, घाबरायचं काम नाही म्हणाले. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यांचे नंबर लिहून घेतले. माझ्याकडे दोनच. धौंरी, पांढरी, नऊ वर्षांपासून घरात. गाभण, आता आटत आलेली. आणि तिची लेक पिवळी, दुधात.

टीबी म्हटल्यावर हातातली गुरांच्या ढेपेची बादली खाली ठेवली.

मंजूची आई जाऊन दोन महिने नऊ दिवस. पोटाचा टीबी होता. नाव कळलं तेव्हा औषधाला वेळ उरला नव्हता.

त्या दोघांनी वही पुढे केली. सही दिली.

१२ नोव्हेंबर

मंजू वैशाली नगरहून स्कूटीने आली. डब्यात मेथीची भाजी. तिला तपासणीचं सांगितलं.

"बाबा, तुमी कावून एवढं टेन्शन घेऊन राहिले? टेस्टच तर आहे. हो जाएगा."

मग सोमवारपासून मनात होतं ते बोललो. तुझी आई कच्चं दूध प्यायची. धार काढता काढता पहिल्या धारेचं एक फुलपात्र, तिथेच उकिडवी बसून.

मंजूला माहीत नव्हतं. ती लग्न होऊन गेल्यावरची ही सवय. पिशवीच्या ऑपरेशननंतर मंजूची आई फार उतरली होती, तेव्हा मीच म्हणालो होतो, धारोष्ण घेत जा, अंगाला लागेल. गोंदियाकडे माझे वडील सगळ्यांना तेच सांगायचे. माझं बाकी फारसं तिने कधी ऐकलं नाही. हे ऐकलं. आठ वर्षं. मी स्वतः दुधाला तोंड लावत नाही.

मंजू बराच वेळ डब्याचं झाकण लावत होती.

निघताना फाटकातून म्हणाली, "पर टेस्ट करवा लो बाबा. टाळू नका."

टाळायचंच मनात होतं. सोमवारी धौंरीला राजनांदगावच्या बाजूला साडूकडे धाडून द्यावी, असा विचार केला होता. हिला कसं कळलं?

१७ नोव्हेंबर, सोम.

डॉक्टर बाई आहेत, तिशीच्या आतल्या, दुर्गच्या. रबरी बूट. मला अंकल म्हणतात.

दिवाळीत शेजारच्या केजाबाईच्या घरच्यांनी धौंरीच्या गळ्यात सोहई बांधली होती, मोरपिसांचा पट्टा. तो आधी काढायला सांगितला, सुईच्या जागी घासेल म्हणून. केजाबाई राऊत, गुरं राखणाऱ्यांची. तिला लागलं.

"सोहई ला कोनो छोरथे का भैया?" एकदा बांधलेली सोहई सोडत नाहीत, आपणहून गळून पडते.

डॉक्टर बाई हसून म्हणाल्या, "दाई, तीन दिन बाद फिर बाँध देना." केजाबाई हसली नाही. सोहई मीच सोडली.

मग मानेवर चार बोटं जागा कातरली. चिमटीत कातडीची घडी धरली आणि खिशातून व्हर्नियर काढला. मी पाहतच राहिलो. तीस वर्षं इथल्या स्टील प्लांटच्या मशीन शॉपमध्ये तपासनीस होतो, हातात तोच असायचा. धौंरी ७.२ मिलिमीटर. पिवळी ७.०. मग कातडीच्या आत सुईने एक थेंब. मसुराच्या दाण्याएवढा फुगवटा आला, बस.

विचारलं, यातून कळतं कसं?

म्हणाल्या, त्या थेंबात मेलेल्या जंतूंचा अर्क आहे. शरीराची त्या जंतूशी कधी गाठ पडली असेल तर ते ओळखतं, आणि तीन दिवसांत तिथे सुजून उत्तर देतं. पडली नसेल तर गप्प राहतं.

आणि निघाला तर?

"अलग बाँधना पड़ेगा, अंकल." तिचं दूध कुणालाच नाही. पोटातल्या वासरालाही नाही. जन्मभर एकटी.

गुरुवारी याच वेळी येणार.

१८ नोव्हेंबर

पेटीतला जुना व्हर्नियर काढला. निवृत्तीच्या वेळी स्वतःच्या पैशाने घेतला होता. तेल लावून पुसला. झीरो बरोबर आहे.

स. ६ – ७.६
दु. १२ – ७.९
संध्या. ४.३० – ८.०
संध्या. ६ – ८.१

धौंरी हलत नाही. मी चिमटीत घडी धरतो, ती डोळे अर्धे मिटून उभी. पिवळीचंही एकदा मोजलं, ७.१. तिला आवडलं नाही, शिंग मारलं.

दिवसभर एकच विचार. शरीर विसरत नाही. धौंरी कुठल्या साली कुठल्या पाणवठ्यावर कुणाच्या शेजारी उभी राहिली, ते तिला आठवत नसेल. कातडीला आठवतं. इतकी वर्षं हात लावत होतो त्या मानेला, आत हे सगळं लिहिलेलं असेल असं वाटलं नव्हतं.

१९ नोव्हेंबर

स. ६ – ८.९. हाताला गरम.
१० – ९.२
दु. १ – ९.४
४.३० – ९.५
६ – ९.६

पिवळीचं दूध काढलं, बारा घरी पोचवलं. पावर हाउसच्या बाजारात ढेप आणायला जायचं होतं, गेलो नाही.

केजाबाई कोठ्यात शेणाला आली. गाठ पाहून म्हणाली, सोहई सोडली त्याचं हे. मग आपणच नरमली. माझ्या बाजूला बसून सांगत राहिली, भौजी रोज दुपारी धौंरीशी किती बोलायची ते. घरातलं सगळं सांगायची. "तुमन चाय म शक्कर जादा लेथव, एला घलो पता हे." मी चहात साखर जास्त घेतो हे या गाईलाही माहीत आहे म्हणे.

मला माहीत नव्हतं की मंजूची आई बोलायची. माझ्याशी ती कामापुरतं बोले, मी तिच्याशी त्याहून कमी. सदतीस वर्षं तसंच चाललं, बिघडलं काही नाही. पण दुपारी ती इथे बसून एवढं बोलत होती, आणि मी आत पेपर वाचत...

२० नोव्हेंबर, गुरु.

डॉक्टर अकराला आल्या. पिवळी ७.३. सुटली.

धौंरी १०.५.

चारच्या वर वाढलं असतं तर सरळ टीबी लिहिला असता. दोनच्या खाली असतं तर सुटली असती. वाढलंय ३.३. मधलंच.

मग त्यांनी वाकून पाहिलं. गाठीच्या दोन्ही अंगांना बारीक समांतर वळ. "ये निशान किसके हैं?"

घरातून व्हर्नियर आणून दाखवला. वहीही दाखवली.

"कितनी बार नापा?"

दिवसातून चारदा, पाचदा.

त्यांनी वही वाचली, पान उलटून पुन्हा वाचली. रागावल्या नाहीत, तेच जड गेलं. म्हणाल्या, "अंकल, आपने नाप-नाप के सुजा दिया." मग म्हणाल्या, किंवा नसेलही. थेंबानेच सुजली असेल. आता कुणालाच सांगता येणार नाही.

तीस वर्षांत हजारो नग मोजले असतील. लोखंड मोजल्याने फुगत नाही.

कागदावर "संशयास्पद" लिहिलं. बेचाळीस दिवसांच्या आत पुन्हा सुई नाही. तेवढ्यात ती व्यायला येते, आणि बाळंतपणाच्या आगेमागे शरीर नीट उत्तर देत नाही, रोग असला तरी गप्प बसतं. म्हणजे फेब्रुवारी. तोवर धौंरी वेगळी बांधायची. मानेला हात लावायचा नाही, हे दोनदा सांगितलं.

डॉक्टर बाई जीपमध्ये बसल्यावर मंजूच्या आईचं सांगितलं. आधी सांगायला हवं होतं. कच्च्या दुधाचंही सांगितलं.

त्या खाली उतरल्या. म्हणाल्या, माणसाला टीबी बहुतेक माणसाकडूनच होतो. गाईकडून झाला का, ते आता सांगता येत नाही. माझी छाती तपासून घ्या म्हणाल्या, मंजूचीही. आणि जाता जाता, "कभी-कभी उल्टा भी होता है, अंकल. आदमी से गाय को."

२१ नोव्हेंबर

हे मला सुचलंच नव्हतं.

शेवटचे तीन महिने मंजूची आई दुपारची कोठ्यातच पडून असायची. खाट धौंरीच्या गव्हाणीला लावून घेतली होती. घरात गुदमरतं म्हणायची. धौंरी तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन श्वास घ्यायची. मी हाकललं की ती म्हणे, "राहू द्या नं, तुमाले काय करून राहिली ते?"

कुणी कुणाला दिलं? की कुणीच नाही, आणि मीच चिमटे काढून सुजवली?

तीन उत्तरं आहेत, गाठ एकच. आज ती थोडी बसली आहे. नुसती बघितली, लांबून.

२४ नोव्हेंबर

धौंरीला अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जांभळाखाली बांधली. वर पत्रा टाकला, भाताच्या तणसाची झापडी केली. गव्हाण वेगळी, बादली वेगळी. पिवळी दिवसभर हंबरली. धौंरी एकदाच.

गिऱ्हाइकांना खरं सांगितलं. पिवळी तपासलेली आहे, धौंरीचं दूध सध्या नाहीच, आणि कुणाचंही दूध असलं तरी उकळून प्या. दोन घरांनी बंद केलं. तिसऱ्या घरच्या मास्तरीण बाई म्हणाल्या, "इतकं खरं कोण सांगते भाऊ? उद्यापासून अर्धा लिटर वाढवा."

३ डिसेंबर

एक्स-रे. माझी छाती साफ. मंजूचीही. थुंकी घेतली आहे, पण डॉक्टर म्हणाले काही दिसत नाही.

घरी येऊन मंजू म्हणाली, "आता तरी जेवा बरोबर." मग जांभळाखाली गेली. लहानपणी गुरांजवळ जात नसे, शेणाचा वास येतो म्हणायची. आज धौंरीच्या उजव्या कुशीवर हात ठेवून उभी राहिली, आणि एकदम मागे सरली.

"बाबा, लात मारी इसने."

मीही हात ठेवला. थोडा वेळ काही नाही. मग आतून एक टोकदार काहीतरी तळहाताखालून सरकत गेलं, गुडघा असेल नाहीतर खूर, आणि परत आत गेलं.

मंजूच्या वेळी मी ड्यूटीवर होतो. मुलगी झाल्याचं गेटवर कळलं. पोटावर हात ठेवून पाहावं हे तेव्हा सुचलं नाही, किंवा लाज वाटली. तिनेही म्हटलं नाही. बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा हे हाताला लागलं, आणि तेही गाईच्या कुशीत. बाहेर एवढा संशय, आणि आत त्याची काही खबर नाही. ते आपलं वळतंय, पाय ताणतंय.

११ डिसेंबर

मानेची गाठ पूर्ण बसली. केस येऊ लागले. बोटाने पाहायचं फार मनात आलं. पाहिलं नाही.

दुपारी खुर्ची टाकून तिच्याजवळ बसलो. केजाबाई सांगते तसं काही बोलावं म्हणून. पेपरमधल्या दोन बातम्या वाचून दाखवल्या. तिने कान फिरवला. पाच मिनिटांनी उठलो. कुणी पाहिलं नाही.

२२ डिसेंबर

कास भरली. शेपटीच्या दोन्ही अंगांना खड्डे पडले. व्यायला आठ-दहा दिवस.

डॉक्टरांना फोन केला. वासराचं काय? पहिला चीक तर धौंरीचाच, आणि तोच द्यायचा नाही.

त्यांनी बरंच समजावलं. जन्मतः वासराच्या अंगात लढायला काहीच नसतं. आईचं सगळं त्या पहिल्या चिकात येतं, आणि वासराचं पोट ते पहिल्या काही तासांतच आत घेतं. नंतर ते दार बंद होतं. म्हणून चीक हवाच. पण कच्चा नको. साठ डिग्रीवर एक तास धरायचा. साठच्या खूप वर गेला तर खरवस होईल, खाली राहिला तर जंतू राहतील. मग कोमट करून बाटलीने. वासराला धौंरीला लुचू द्यायचं नाही, एकदाही.

"कर लोगे, अंकल?"

म्हटलं, करीन.

फोन ठेवून बसलो. काही तास उघडं राहणारं दार. हे असं कुणी ठरवलं असेल? नऊ वर्षांत धौंरीची पाच वेतं झाली या अंगणात. दरवेळी मी शेजाऱ्यांकडे खरवसाच्या वाट्या पोचवल्या, आणि यातलं काही माहीत नव्हतं.

२६ डिसेंबर

पिवळीच्या दुधावर सराव केला. पातेल्यात पातेलं, मध्ये पाणी, थर्मामीटर. पहिल्यांदा ७१ वर गेलं. दुसऱ्यांदा ५८ ते ६१, एक तास धरलं. केजाबाई दारातून पाहत होती.

"दूध के बुखार नापत हव का भैया?"

दुधाचा ताप मोजतोय का म्हणे. हो म्हटलं. तिने तोंडाला पदर लावला. वासरू झालं की ते धरून ठेवायचं काम तिला सांगितलं आहे. दावं, गोणपाट, बाटली तयार.

३० डिसेंबर, मंगळ.

व्याली.

सकाळी नऊपासून उठबस. साडेनऊला पाण्याची पिशवी. मी आणि केजाबाई दोघेच. पहिले दोन खूर आले, पांढुरके, मऊ. त्यांवर नाक. मग बराच वेळ तेवढंच. मी पुढे झालो तर केजाबाईने हाताने थांबवलं. धौंरीने एक लांब कळ दिली आणि सगळं एकदम उन्हात आलं. कालवड. पांढरी, कान तांबूस. नाकातला चिकटा काढला. तिने डोकं झटकलं आणि श्वास घेतला. तो पहिला श्वास मी पाहिला. त्याआधी तिथे कुणी नव्हतं.

वासराला गोणपाटावर ओढून दूर नेलं, केजाबाईच्या ताब्यात दिलं. धौंरीचा चीक काढला. हळदीसारखा पिवळा, दाट. घरात नेऊन पातेलं ठेवलं. दहा वाजून दहाला साठ डिग्री. गॅस बारीक करून उभा.

साडेदहा झाले असतील. केजाबाईची हाक आली, "भैया, आ के देख तो." ओरडली नाही, हळूच बोलावल्यासारखी.

बाहेर आलो. कालवड उभी होती. पाय चार दिशांना. केजाबाईच्या हातात नुसतं गोणपाट. अंगण पार करून ती धौंरीपर्यंत गेली होती, पोटाखाली आधी पुढच्या पायांत शोधलं, मग मागे, आणि सड तोंडात घेतला होता. शेपटी हलत होती.

केजाबाई म्हणाली, मी धरली होती, पण ती उठली तेव्हा माझे हातच सुटले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी धावलो नाही. धावायला हवं होतं. त्या जिवाला जगात येऊन पाऊण तास झाला नव्हता. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. कुणी शिकवलं नव्हतं. आणि एवढ्या मोठ्या अंगणात तिला बरोबर ठाऊक होतं, कुठे जायचं.

मग गेलो, कालवडीच्या मानेत हात घातला. गळ्यातून घोट उतरताना हाताला लागले. एक. आणखी एक. धौंरीने मान वळवून तिला चाटलं, त्यात माझा हातही चाटला. खरखरीत, गरम. मी कालवडीला ओढून काढली. सोडायला तयार नव्हती. तोंडातून पिवळी लाळ लोंबत होती.

पातेलं ५९ वर होतं. अकरा दहाला उतरवलं. बाटलीने पाजलं, पोटभर प्याली. दुपारी धौंरीची वार पडली. सगळं ठीक.

वासराला पिवळीच्या बाजूला बांधलं. मध्ये अख्खं अंगण. दोघी एकमेकींना हाका मारतात.

३१ डिसेंबर

डॉक्टरांना फोन करून खरं ते सांगितलं.

"कितना पिया?"

म्हटलं, मी पोचल्यावर चार-पाच घोट. त्याआधीचे माहीत नाहीत.

मग म्हणाल्या, ठीक आहे. फेब्रुवारीत धौंरीची सुई. तिची साफ निघाली तर प्रश्नच मिटला. नाही निघाली तर नंतर कालवडीचीही. तोवर दोघींना वेगळं ठेवा, आणि अंकल, मोजू नका.

व्हर्नियर मंजूकडे देऊन टाकला.

ती जावईबापूंना घेऊन आली होती. त्यांनी कालवडीचे फोटो काढले. मंजूने विचारलं, हिचं नाव काय ठेवायचं? आईच ठेवायची नं सगळ्यांची नावं.

म्हटलं, फेब्रुवारीत ठेवू.

"तोपर्यंत हाक काय मारू बाबा? अरे-तुरे?"

सध्या नुसतं ये म्हणतो. येते.